साहेबांच्या दस्तीतली गाठ

माझ्या पहिल्या साहेबांना कुणी ‘नेता’ म्हटलं असतं, तर त्यांनी मागे वळून पाहिलं असतं, कोण आलंय म्हणून.

यंदा नवरात्राच्या तोंडावर कंपनीनं आम्हा विभागप्रमुखांना जालना रोडवरच्या एका हॉटेलात नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवलं, आणि तिथून हे सगळं पुन्हा वर आलं. एसी इतका लावलेला की शाल आणली असती तर बरं झालं असतं. प्रशिक्षक तरुण होता, गालाशी बारीक माइक, आणि एका जागी उभं राहायचं नाही अशी शपथ घेतल्यासारखा फिरत होता. त्यानं पडद्यावर चांगल्या नेत्याचे गुण झळकवले. दूरदृष्टी, निर्णयक्षमता, वक्तृत्व, आत्मविश्वास. मग म्हणाला, “डोळे मिटा. आयुष्यात भेटलेला एक चांगला नेता आठवा. यातले कोणते गुण त्याच्यात होते ते शेजारच्याला सांगा.”

मी डोळे मिटले. समोर साहेब आले आणि माझी पंचाईत झाली.

दूरदृष्टी म्हणावी तर हा माणूस कपाळावर चढवलेला चष्मा टेबलाखाली शोधायचा. निर्णय म्हणावा तर कँटीनमध्ये चहा घ्यावा की कॉफी, यावर मागची सगळी रांग खोळंबून राहायची. वक्तृत्वाचं विचारूच नका. एकदा सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. साहेब माइकपाशी गेले, आम्हा सगळ्यांकडे बराच वेळ आपुलकीनं बघत राहिले आणि म्हणाले, “सगळे जेवले का?” सकाळचे आठ वाजले होते. आणि आत्मविश्वास? “मला नाय मालूम” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल.

तरीही वाळूजच्या आमच्या कारखान्यात ग्राइंडिंगच्या विभागातून माणूस सोडून जायचा नाही. दुसऱ्या विभागातली माणसं आमच्याकडे बदली मागायची. हे कसं, ते मला तेव्हाही कळत नव्हतं.

मी रुजू झाले त्या सकाळी साहेब केबिनमध्ये नव्हते. केबिनमध्ये त्यांच्या खुर्चीवर कुणाची तरी हेल्मेटं ठेवलेली होती. शोधत शोधत गेले तर साहेब एका मशीनशेजारी पालथ्या क्रेटवर बसलेले, मान तिरकी, डोळे मिटलेले, एक कान मशीनकडे. मला वाटलं, झोपलेत. त्यांनी डोळे न उघडताच दुसऱ्या क्रेटकडे हात केला. मी माझ्या नव्या कोऱ्या सलवारीची काळजी करत बसले.

“इंजिनिअर का?”

“हो सर.”

“काय येत नाय तुम्हाला?”

मी आदल्या संध्याकाळी आरशासमोर उभं राहून काय काय येतं याची उत्तरं पाठ केली होती. हा प्रश्न त्यात नव्हता. मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले, “तसं सगळं येतं, सर.”

“असं व्हय,” साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून दस्ती काढली. आमच्याकडे हातरुमालाला दस्ती म्हणतात, पण साहेबांची दस्ती हातरुमालात मोडणारी नव्हती. चौकडीची, चांगली लांबरुंद, टॉवेलाच्या धाकट्या भावासारखी. तिच्या एका टोकाला त्यांनी शांतपणे गाठ मारली. तिथं आधीच दोन-चार गाठी होत्या.

“हे काय, सर?”

“जे कळंना त्याची गाठ मारून ठिवतो. कळलं की सोडतो. एखाद्या माणसाला सगळंच येतं म्हंजे कसं, ते काय मला कळंना.”

त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं, दिवाळीच्या आत दुसरी नोकरी बघते, साहेब विक्षिप्त आहे. दिवाळी आली आणि गेली. पुढे कधीतरी एक ड्रॉइंग काही केल्या मला उमगेना, म्हणून मी ते घेऊन त्यांच्याकडे गेले आणि सरळ सांगितलं, “सर, हे मला येत नाहीये.” त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं पगारवाढ झाली, त्यांची किंवा माझी. पण त्यांनी नुसती दस्ती काढली आणि एक गाठ सोडली. ड्रॉइंग त्यांनाही येत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून सोडवलं.

साहेबांच्या गाठी साध्याच असायच्या. गाडी मिळत असूनही ते कामगारांच्या शिफ्टच्या बसनं यायचे, आणि रोज वेगळ्या सीटवर बसायचे. साहेब शेजारी बसले की माणसं गप्प व्हायची. म्हणून साहेब झोपेचं सोंग घ्यायचे, म्हणजे लोकांनी मोकळं बोलावं. पण सोंग घेता घेता त्यांना खरोखरच झोप लागायची आणि घोरण्याचा आवाज ऐकून लोक आणखी मोकळे व्हायचे. त्याच बसचा ड्रायव्हर नगर रोडवर एका ठिकाणी रोज हॉर्न वाजवायचा. ना वळण, ना चौक, ना शाळा. साहेबांनी गाठ मारली. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, सवय आहे. सवय कशी लागली, ते त्यालाही सांगता येईना. मग एका रविवारी दुपारी मला साहेबांचा फोन. मी घाबरून उचलला, म्हटलं कारखान्यात काही झालं.

“सापडलं,” साहेब म्हणाले. “तिथं रस्त्यात येक कुत्रं झोपायचं. त्याला उठवायला हॉर्न. कुत्रं मरून जमाना झाला. हॉर्न ऱ्हायला.”

“बरं, सर,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“आपल्या खात्यात असे हॉर्न किती असतील हो?” एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. माझी रविवारची झोप गेली ती गेली, सोमवारी मी आमच्या कामात असे हॉर्न शोधत हिंडत होते.

पण प्रत्येक वेळी यातून मोती निघायचे असं मुळीच नाही. एकदा शेडमध्ये चिमण्या कुठून येतात ते बघण्यात साहेबांनी अर्धी शिफ्ट घालवली. शिडी लावली, पत्रे तपासले, दोन माणसं कामाला लावली. माल उशिरा गेला आणि बोलणी मी खाल्ली. शेवटी चिमण्या दारातून येत असल्याचं निष्पन्न झालं. दार उघडंच होतं. साहेबांनी मोठ्या समाधानानं गाठ सोडली. मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं, कारण संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, “चिमण्या दारातून येतात खऱ्या, पण जाताना का वरच्या पत्र्याला धडकतात?”

एक शब्द मात्र आमच्या खात्यात चालायचा नाही. ‘कुणी’. काही मोडलं, सांडलं, चुकलं, की कुठल्याही कारखान्यात पहिला प्रश्न येतो, कुणी केलं? साहेबांसमोर हा प्रश्न आला की ते दस्ती काढून चष्मा पुसायला घ्यायचे. पुसत राहायचे. समोरचा चारदा विचारायचा, पाचदा विचारायचा, साहेब काच पुसतायत. शेवटी तो दमून विचारायचा, बरं, हे झालं कसं? की लगेच चष्मा नाकावर. “हां. आता बोला.”

आणि मग उजळणी. उजळणी हा त्यांचा शब्द. जे घडलं ते जिथं घडलं तिथंच पुन्हा करून बघायचं, पण प्रत्येकानं दुसऱ्याच्या जागी उभं राहून. एकदा कँटीनच्या मामांनी नव्या ड्रॉइंगवर चहा सांडला. मी मामांवर तोंड सोडणार एवढ्यात साहेबांनी चहाचा ट्रे माझ्या हातात दिला आणि मामांना माझ्या खुर्चीत बसवलं. “या आता आत,” म्हणाले. दोन्ही हातांत ट्रे, दार आतल्या बाजूला उघडणारं, मी ते पाठीनं ढकलून वळले आणि वळता वळता सगळा चहा मामांच्या अंगावर. माझ्या खुर्चीत बसलेले मामा ऐटीत म्हणाले, “मॅडम, बघून चालत जा.” दुसऱ्या दिवशी दाराची बिजागरी बदलली, दार पायाच्या धक्क्यानं उघडू लागलं. त्या दारातून पुन्हा चहा सांडला नाही.

अशा या माणसाच्या खात्यात ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनी बंद करून धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात. वर्षभर तेलात बरबटलेली शेड त्या दिवशी लग्नघरासारखी दिसते. पूजा खातेप्रमुखानं करायची असा रिवाज. साहेबांनी पहिल्या मशीनची पूजा केली, मग नेहमीप्रमाणे ताट सगळ्यांच्या हातात फिरलं आणि जो तो आपापल्या मशीनला कुंकू लावू लागला. बाहेर नारळ फुटला, पेढे वाटले, सुट्टी झाली.

सुट्टीनंतर काम सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत गिऱ्हाईक कंपनीतून फोन आला. खंडेनवमीनंतर पहिल्या दिवशी आम्ही घासून दिलेले सगळे पोलादी दांडे जाड होते. केसापेक्षाही बारीक फरक, पण तेवढ्यानं ते बसेनात. तिकडची लाइन थांबली होती.

इथं एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे माप बघायचा एक काटा असतो, त्याला गेज म्हणतात. तो रोज सकाळी शून्यावर आणायचा असतो, आणि त्यासाठी अगदी तंतोतंत मापाचा एक दांडा लाकडी पेटीत जपून ठेवलेला असतो. त्याला मास्टर म्हणायचं. मास्टर गेजखाली ठेवला, काटा शून्यावर आणला, की दिवसभर त्या शून्यावर सगळ्यांचा भरवसा. त्या दिवशी सकाळी शून्य लावलं होतं शोभानं.

शोभा फुलंब्रीची. दोन बस बदलून यायची. कंत्राटावर होती, हात चांगला होता, आणि दिवाळीनंतर तिला कायम करायचं जवळजवळ ठरलं होतं. तिच्या नवऱ्याचं काम सुटलेलं होतं, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आता कायम करणं दूरच, तिला उद्यापासून गेटच्या आत घेतील की नाही याचीच धास्ती होती. कंत्राटातल्या माणसाला काढायला फार काही लागत नाही. नाव लागतं.

मोठे साहेब, म्हणजे अख्ख्या कारखान्याचे प्रमुख, ते नाव न्यायला स्वतः खाली आले. पुण्याकडचे होते, शर्टाची इस्त्री दिवसभर मोडायची नाही. त्यांचं चुकत होतं असं नाही. त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. त्यांनी शोभाच्या, म्हणजे साहेबांनी पूजा केलेल्या त्या पहिल्या मशीनपाशी उभं राहून विचारलं, “त्या दिवशी गेज कुणी लावला?”

साहेब चष्मा पुसू लागले.

शोभा माझ्या शेजारी उभी होती. तिनं ॲप्रनची नाडी बोटाला इतकी घट्ट गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं होतं. गेज आता तपासला तर चोख. मास्टर चोख. शून्य चोख. त्या दिवशीच काय बिघडलं होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं, तिलाही नाही. आणि कारण सापडलं नाही की मग नावावरच भागवायचं, हे सगळीकडचं आहे.

“मी विचारतोय काहीतरी,” मोठे साहेब म्हणाले.

“व्हय सर,” साहेब म्हणाले. “पण झालं कसं, ते नाय कळलं आजून. नाव घेऊन गेलात तर ते इथंच ऱ्हाईल आन पुढच्या वर्षी परत व्हईल. उजळणी करून बगू. थोडा वेळ लागंल. मला येक माणूस कमी पडतोय.”

“कशाला?”

“माझ्या जागी उभं ऱ्हायला. मला माझी जागा भाईरून बगायचीय.”

आता हा मोठ्या साहेबांना कामाला लावतोय, हे माझ्या ध्यानात आलं. मी साहेबांचा शर्ट मागून ओढावा की काय, असं वाटलं. पण मोठे साहेब इतके चक्रावले होते की ते म्हणाले, “ठीक आहे. लवकर.”

उजळणी अगदी खंडेनवमीपासून करायची असा साहेबांचा हट्ट. कुणीतरी शेडमधल्या देवाच्या कोनाड्यातून ताट आणलं, हळदकुंकू कालवलं. माळा नव्हत्या, त्या आहेत असं समजायचं. साहेब स्वतः शोभाच्या जागी जाऊन उभे राहिले आणि शोभाला माझ्या जागी धाडलं. मोठ्या साहेबांनी बाही मागे सारून ताट घेतलं.

सुरुवातीला ते अवघडले होते. पण पूजेचं ताट हातात आलं की आपल्याकडे हात आपोआप चालू लागतो. त्यांनी मशीनला कुंकू लावलं. घासायच्या दगडाच्या झाकणाला लावलं. पॅनेलला लावलं. गेजच्या स्टँडला लावलं. शेजारी लाकडी पेटी उघडी होती, आत मास्टर चकचकत होता. मोठ्या साहेबांचा अंगठा पुढे गेला आणि मास्टरलाही टिळा लागला.

सगळ्यांच्या नजरा पेटीवर गेल्या. मोठे साहेब पुढच्या मशीनकडे वळले आणि मग त्यांना ते जाणवलं. त्यांनी वळून पेटीकडे बघितलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

ओला टिळा दांड्याच्या गोलाईवरून हळूहळू खाली ओघळत होता. आम्ही सगळे उभे राहून ते बघत होतो. पुरता वाळेपर्यंत थांबलो.

“आता शून्य लाव, शोभा,” साहेब म्हणाले. “त्या दिवशी लावलं तस्संच.”

शोभानं मास्टर उचलला. वरचा टिळा फडक्यानं टिपला. रगडून पुसला नाही.

“का गं, रगडलं का नाय?”

“पूजेचं कुंकू हाय ना साहेब,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “खरवडून कसं काढायचं? त्या दिशी बी वरचं वरचं टिपलं. खालचं काय दिसलं नाय.”

खाली ओघळून वाळलेल्या कुंकवानं किंचित जाड झालेला मास्टर गेजखाली बसला. काटा शून्यावर आणला. मग चोख मापाचा एक दांडा खाली ठेवला. काटा हलला आणि थांबला. परत आलेल्या मालात जेवढा फरक होता, बरोबर तेवढाच. पुढच्या दिवसांत रोजच्या तेलानं आणि हाताळण्यानं ते कुंकू आपसूक निघून गेलं असणार, म्हणून नंतर तपासलं तेव्हा सगळं चोख.

साहेबांच्या तोंडून फक्त “आगं बाबौ” एवढंच निघालं. भीती नाही, सुटकेचा निःश्वास नाही. जत्रेत पहिल्यांदा पाळणा बघणाऱ्या पोरासारखा चेहरा. ते मास्टरवर वाकून ओघळाची वाट बोटानं दाखवत होते, “इथून आलं, असं वळलं, इथं थांबलं,” आणि मोठे साहेबही शेजारी वाकून बघत होते. इस्त्री मोडली होती.

मग मोठे साहेब सरळ झाले आणि घसा खाकरून म्हणाले, “तरी रिपोर्टमध्ये नाव लागेल. वरचे विचारतील, मास्टरला कुंकू लावलं कुणी.” पण आता त्यांचा आवाज बराच खाली आला होता.

साहेबांनी या वेळी चष्मा पुसला नाही. ते आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते, उलटसुलट करून, जणू तो आज पहिल्यांदा भेटला.

“माझं लिवा,” ते म्हणाले. “ताट माझ्या हातात व्हतं. अंगठा बी बहुतेक माझाच असंल.”

आणि त्यांनी दस्तीला एक गाठ मारली.

रिपोर्टात त्यांचं नाव गेलं. दांडे जाडच होते, बारीक नव्हते, म्हणून पुन्हा घासून वापरता आले. पण तिकडची लाइन थांबली ती थांबलीच, आणि त्याचा ठपका कुठंतरी बसायचाच होता. त्या वर्षी साहेबांची बढती व्हायची होती. ती दुसऱ्याची झाली. शोभा दिवाळीनंतर कायम झाली. साहेब निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर, म्हणजे त्याच पालथ्या क्रेटवर बसले. पेटीच्या झाकणाला कुंकू लावायचं आणि पेटी उघडायची नाही, हा नियम तेव्हापासून आजवर चालू आहे.

त्यांच्या दस्तीत एक गाठ मात्र पुढे कायम राहिली. बाकीच्या येत-जात राहिल्या, ही गाठ, दस्ती बदलली तरी, नव्या दस्तीत पुन्हा मारली जायची. मी एकदा विचारलं, “सर, ही कसली एवढी जुनी?” तर म्हणाले, “सुटंना आजून.” मी समजले, बढतीची असणार. आणि त्या माणसाबद्दल मला भरून आलं.

निवृत्तीच्या दिवशी निरोपसमारंभ झाला. त्यांची जागा माझ्याकडे येणार होती. साहेबांना बोलायला उभं केलं. त्यांनी आम्हा सगळ्यांकडे बघितलं, तसंच, बराच वेळ. मग म्हणाले, “सगळे जेवले का?” या वेळी दुपारचा दीड वाजला होता आणि सगळे जेवले होते. माणसं हसली आणि हसता हसता निम्मी रडायला लागली. ते पैठणजवळच्या आपल्या गावी गेले. अजून मधूनच फोन येतो. परवा विचारत होते, धरणातलं पाणी सोडायच्या आधीच गावातल्या कोंबड्या का ओरडतात.

तर त्या प्रशिक्षणात मी शेजारच्याला ही गोष्ट सांगितली. कुंकवाची, अंगठ्याची, बढतीची. दुसऱ्याची चूक स्वतःवर घेणं हा पडद्यावर नसलेला गुण आहे, असं मी जरा जोरातच म्हणाले. प्रशिक्षकानं ऐकलं आणि सगळ्यांना सांगायला लावलं. टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं, साहेबांच्या वतीनं.

पाठोपाठ खंडेनवमी आली. शोभा आता आमच्याकडे लाइन सांभाळते. नव्या मुली तिला आक्का म्हणतात. मी मास्टरच्या पेटीच्या झाकणाला कुंकू लावलं, ताट पुढे दिलं, आणि नव्या मुलींना कळावं म्हणून सगळ्यांसमोर तीच गोष्ट पुन्हा सांगितली. टाळ्यांसकट.

पेढे वाटून झाल्यावर शोभा मला बाजूला घेऊन गेली.

“मॅडम, तुम्ही ते चुकीचं सांगताय.”

“काय चुकीचं?”

“मास्टरला कुंकू मी लावलं व्हतं.”

“कधी?” मी विचारलं.

“ताट माझ्याकडं आलं तवा. समद्याला कुंकू लागलं, आन ज्याच्या भरवशावर दिवसभर काम करायचं त्यालाच नाय, असं वाटलं मला. मोठ्या साहेबांचा अंगठा तिथं गेला तवा मला आठवलं. पन माझं तोंडच उघडंना. कायम व्हायचं व्हतं ना.” ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. “साहेब जायच्या दिवशी बसपाशी गाठून सांगितलं. किती वर्षं पोटात ठिवलं व्हतं.”

“आणि साहेब? त्यांना माहीतच असणार. त्यांनी तुला वाचवायलाच…”

“तेच म्हनते मी. त्यांना कायच मालूम नव्हतं. दस्ती काढली आन गाठ सोडत बसले. लई घट्ट झाली व्हती, नखानं सोडली. म्हनले, ‘बरं केलंस सांगितलंस. मी इतकी वर्षं आठवून बगतोय, मास्टरला मी हात कधी लावला. आठवंना. मला वाटायचं म्हातारा झालो. आता कळलं, लावलाच नव्हता.’”

शेडमध्ये झेंडूचा वास भरला होता. मला आधी चक्क वाईट वाटलं, माझी टाळ्यांची गोष्ट गेली म्हणून. मग हळूहळू उमगलं, की ती गोष्ट साहेबांच्या मानानं फार लहान होती. त्यांनी कुणावर उपकार केलाच नव्हता. काही बिघडलं की त्या माणसाची नजर पहिल्यांदा आपल्या अंगठ्याकडे जायची, आणि तिथंच दोष असेल हे त्यांना अगदी मनापासून खरं वाटायचं. मोठ्या साहेबांसमोर ते खोटं बोलले नव्हते, जे वाटलं ते बोलले होते. बढती जाऊनही त्यांना छळत राहिलं ते एवढंच, की आपल्या हाताला ते सुचलं कसं. मी त्यांच्या क्रेटवर बसते खरी, पण असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही, हे कबूल करायला हवं.

“रागावले नाहीत तुझ्यावर?” मी विचारलं. “बढती गेली त्यांची.”

“मी बी तेच म्हनले. म्हनलं, साहेब, रागवा की माझ्यावर, येवढं नुकसान केलं तुमचं. रडत व्हते मी. बस सुटायला लागली व्हती. ते पायरीवर चढले, आन वरून वाकून म्हनले, ‘ते ऱ्हाऊ दे गं. मला येक सांग शोभा, त्या दिशी कुंकू लई पातळ झालं व्हतं का? घट्ट असतं तर खाली ओघळलं नसतं.’”